विद्यार्थी प्रत

बोराडे सरांनी आमच्या दारात बूट काढले, तेव्हाच मला कळलं की या माणसाला आपल्याकडून काहीतरी हवंय.

"असू द्या सर बूट," मी म्हणाले. "घरात पसारा हाय."

"नाही नाही मावशी. घर ते घर."

ते नुसत्या मोज्यांवर आत आले आणि पत्र्याच्या पेटीवर बसले. माझा भाऊ लिंबाजी मिस्त्री जाऊन नुकतंच तेरावं झालं होतं. शेजारच्या खोलीत त्याची बायको, माझी चंदावहिनी, राहायची. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एकच पत्रा. तिकडे कुणी भांडं ठेवलं तरी इकडे कळायचं. सरांनी त्या पत्र्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"वैजयंता कुठंय?"

"पान्याला गेलीय. येईल."

वैजू माझी एकुलती एक. ती रांगत होती तेव्हाच तिचा बाप गेला. मी बांधकामावर घमेली वाहायची, लिंबाजी गवंडीकाम करायचा, आणि दोघांच्या हातांवर तिचं शिक्षण चाललं होतं. लिंबाजीला मूल नव्हतं. वैजूच त्याची सगळी. विद्यापीठात ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा देऊन झाली होती, निकाल लागायचा होता. आमच्या वस्तीत तोवर कुणाची पोर दहावीच्या पलीकडे गेली नव्हती.

बोराडे सर इंजिनिअर. कॉलेज सुटलं की ती त्यांच्या कचेरीत बांधकामाचे नकाशे काढायला जायची. ते काम कसं मिळालं तेही सांगते. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर बाजारात फार महाग. पण विद्यापीठाच्या ग्राहक भांडारात तेच विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर अगदी स्वस्तात मिळायचं. एका विद्यार्थ्याला एक प्रत. सरांच्या कचेरीत रिवाज असा, की जो आपली प्रत घेऊन येईल त्याला खुर्ची. वैजूनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला किंवा लिंबाजीला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही कामावर जाताना आपली थापी, आपला ओळंबा, आपलं घमेलं घेऊन जातो. मालक कधी हत्यार देतो का? लिंबाजी स्वतः तिच्याबरोबर भांडारात जाऊन ती सॉफ्टवेअरची चकती घेऊन आला आणि नव्या हत्याराला वाहतात तसं तिला हळदकुंकू वाहिलं. वैजू ओरडली, "मामा, खराब होईल की ती!" तो म्हणाला, "कुंकवानं खराब झालेलं हत्यार मी अजून बघितलं न्हाई."

वैजू हंडा घेऊन आत आली. सरांना पाहून तिनं हंडा न उतरवताच मान हलवली.

"बैस," सर म्हणाले. "परवा चौकशी आहे. तुला बोलावणं आलं असेल."

"आलंय."

"साइटवरून पोलिसांनी जो नकाशा नेला, त्याच्या चारी कडांना छापलंय. विद्यार्थी प्रत, फक्त अभ्यासासाठी. माहीत आहे ना?"

"माझ्याच कॉम्प्युटरवरून निघालाय सर. मला माहीत असणारच."

"हळू बोल." त्यांनी परत पत्र्याकडे पाहिलं. "त्यांचा सगळ्यांत मोठा प्रश्न हाच असणार, की ही प्रत रीतसर परवान्याची आहे का. तू म्हणायचं, आहे. भांडाराची पावती आहे, ओळखपत्र आहे. अभ्यासासाठी घेतली, अभ्यासासाठी वापरली. हा कागद म्हणजे तुझं सरावाचं पान. चुकून साइटवर गेलं."

"चुकून कसं गेलं?"

"मिस्त्री तुझा मामाच होता. घरात पडलेला कागद उचलून नेला असेल त्यानं."

वैजूनं हंडा खाली ठेवला. पाणी हिंदकळून जमिनीवर सांडलं आणि सरांनी मोजे घातलेले पाय वर घेतले.

"आणि परवाना नव्हता असं मी म्हणाले तर?"

"तर तू ती प्रत कमाईसाठी वापरली असं होतं. तसं करणार नाही म्हणून भांडारात सही करून दिलीयस तू. विद्यापीठ निकाल तर अडवेलच, वर नावही काढून टाकेल. सगळी वर्षं पाण्यात." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मावशी, तुम्ही समजवा तिला. निकाल लागला की माझ्याकडे पक्की नोकरी आहे तिला. गेलेला माणूस काही परत येत नाही."

ते बूट घालून गेले. वैजूनं मला दंडाला धरलं आणि वस्तीच्या टोकाला, उकिरड्यापलीकडे नेलं. तिथं कुणी ऐकणारं नव्हतं.

"म्हन की हो," मी म्हणाले. "एका शब्दाचं तर काम हाय."

"आई, काय झालंय ते तुला कळलंय का?"

"कळलंय. छज्जा पडला. माझा भाऊ मेला. आनखी काय कळायचं ऱ्हायलंय?"

गावोगावी बांधतात तसलं ते आरोग्य केंद्र होतं. दारावर पुढे आलेला लांब छज्जा. स्लॅब वाळल्यावर लिंबाजी आणि एक परगावचा बिगारी खालचे टेकू काढायला गेले, आणि टेकू निघताच अख्खा छज्जा त्यांच्या अंगावर आला. मी त्या दिवशी दुसऱ्या कामावर होते. मला दाखवला तेव्हा तो पोत्यात होता.

"छज्ज्याला सळ्या वरच्या अंगाला घालायच्या असतात," वैजू म्हणाली. "त्या कागदात त्या खालच्या अंगाला आहेत. मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, आतल्या स्लॅबचं चित्र आहे ना, तेच उचल आणि इथं लाव, साइट थांबलीय, डोकं चालवू नको. मी लावलं. मामा दारात उभाच होता कागद न्यायला. सही मागाहून करतो म्हणाले सर. मामानं कागद घेतला, कपाळाला लावला आणि सदऱ्यात घातला."

"मग त्याला कळलं न्हाई? जलम गेला त्याचा सळ्या बांधन्यात."

ती म्हणाली, "शंका आली असणार, आई. पण कागद माझा होता."

उकिरड्यावर एक डुक्कर काहीतरी ओढत होतं, मी त्याच्याकडेच बघत राहिले.

"मी ते सरावाचं पान होतं म्हणाले," ती म्हणाली, "की ठेकेदार सुटला आणि सरही सुटले. मग चूक कुणाची? मिस्त्रीची. पोरीच्या अभ्यासाचा कागद उचलून त्यावर छज्जा बांधणाऱ्या मामाची. मामीला भरपाईची एक दमडी मिळणार नाही. त्या बिगाऱ्याच्या घरच्यांनाही नाही. आणि मामाचं नाव कायमचं तसं लागेल."

"त्याला आता नाव घिऊन काय करायचंय? तुला जगायचंय. लिंबाजी असता तर त्यानंच सांगितलं असतं, माझ्यावर घाल म्हनून."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि चालायला लागली.

मी तिच्या मागून जात होते आणि बोलत होते. उन्हात विटा वाहिल्या त्या या दिवसासाठी का, म्हणाले. तुझा बाप नाही, आता मामा नाही, तुझ्या हातात काय उरणार, म्हणाले. ती मागे वळली नाही. मी तेव्हा जे बोलले ते आजही बोलेन. आई आहे मी तिची, कोर्ट नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चंदावहिनी तेलाची वाटी घेऊन आमच्याकडे आली. तेराव्यापासून ती खोलीबाहेर पडली नव्हती.

"वैजे, बस हितं," ती म्हणाली. "उद्या साहेबांपुढं जायचं आनि केस बघ. झाडू झालाय नुसता."

"राहू दे मामी."

"बस म्हनते ना."

वैजू तिच्या पुढ्यात बसली. वहिनीनं तिचं डोकं गुडघ्यांत धरलं आणि तेल चोळायला लागली. लहानपणापासून तिचे केस वहिनीच करायची. मी कामावरून यायचे तोवर पोरीची वेणी झालेली असायची.

"अक्का, तो ठेकेदार काय म्हनतो ठावं हाय का?" वहिनी मला म्हणाली. "मिस्त्री पिऊन आला होता म्हनं. आमच्या घरात कधी बाटली बघितली का तू?"

"न्हाई गं."

"तंबाकूसुदिक सोडली होती. वैजी ओरडती म्हनून." तेल चोळता चोळता तिचा हात थांबला. "मला पैशे नकोत असं न्हाई म्हनत मी. पोट हाय. पन पैल्यांदा मला कळू द्या, त्यो कागद कुनी काढला. बोराड्या म्हनतो मी न्हाई. मग कुनी? हवेतनं आला का?"

वैजूचे डोळे मिटलेले होते. मी चुलीत विनाकारण काटकी सारली.

"ज्यानं काढला त्याच्या हाताला किडे पडतील," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. बाजाराला जाऊन येते म्हणावं, तसं म्हणाली ती. "त्याच्या घरात कुनाला कुनी पानी पाजनार न्हाई. अगं, मान ताठ धर की, वैजे. वेनी वाकडी येती."

वैजूनं मान ताठ धरली. वहिनीनं घट्ट वेणी घातली, आपल्या पदरानं तिच्या कपाळावरचं तेल पुसलं आणि म्हणाली, "तूच आमच्यातली शिकलेली. काय इचारतील ते मला नीट समजावून सांग उद्या. साहेबांचं मराठी मला उमगत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी एस.टी.नं जिल्ह्याच्या गावी गेलो. बांधकाम खात्याच्या कचेरीत वरच्या मजल्यावर एक लांब टेबल होतं. चौकशीला निकाळजे नावाचे अधिकारी नेमले होते. बारीक, काळेसावळे, चष्मा सारखा पुसणारे. एका बाजूला बोराडे सर बसले होते, शेजारी ठेकेदार. दुसऱ्या बाजूला विद्यापीठाच्या भांडाराचा माणूस. भिंतीला लागून बाकं होती. तिथं मी आणि वहिनी, आणि पलीकडे परगावच्या बिगाऱ्याचा म्हातारा बाप.

बोराडे सरांनी एक मोठा खोका टेबलावर ठेवला. "साहेब, ही माझ्या कचेरीतली प्रत. पूर्ण किमतीची, ही पावती. माझ्याकडे दुसरी प्रत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रती मी कचेरीत येऊ देत नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे."

निकाळजे साहेबांनी खोका बाजूला सारला आणि वैजूला पुढे बोलावलं. घडीवर मळलेला, एका कोपऱ्याला काळपट डाग असलेला कागद त्यांनी तिच्यापुढे पसरला. तो डाग कशाचा ते मला बाकावरूनही कळलं.

"हा नकाशा तुमच्या प्रतीवरून निघालेला आहे?"

"हो साहेब."

"प्रत भांडारातून घेतली?"

"हो."

भांडाराचा माणूस अर्धवट उठला. "पावती आमचीच आहे साहेब. आमचा माल चोख असतो. अट एकच, कमाईच्या कामाला वापरायचा नाही. वापरला की परवाना तिथंच संपला. मग ती प्रत आणि रस्त्यावरची चोरटी प्रत, आम्हाला दोन्ही सारखीच."

"मग विद्यार्थ्यावर काय कारवाई होते?"

"नाव कमी होतं साहेब. विद्यापीठानं सॉफ्टवेअरच्या कंपनीला तसं लिहून दिलंय."

निकाळजे साहेबांनी चष्मा पुसला. "ऐकलंत? तर आता विचार करून सांगा. हा नकाशा काढला त्या वेळी तुमची प्रत रीतसर परवान्याची होती का?"

वैजूनं माझ्याकडे पाहिलं. मी बाकावरून मान हलवली. हो म्हण. माझे ओठ हलत होते. हो म्हण पोरी, हो म्हण.

"नव्हती साहेब," ती म्हणाली.

बोराडे सर उठले. "साहेब, मुलगी धक्क्यात आहे. तिचा मामा गेलाय त्यात. तिला आपण काय बोलतोय ते..."

"बसा, बोराडे."

"घेतली तेव्हा रीतसर होती," वैजू म्हणाली. "बोराडे सरांच्या कचेरीत लावली त्या दिवसापासून नव्हती. तिथल्या कुणाचीच नव्हती. सगळ्यांनी आपापली आणलेली. आरोग्य केंद्राचा छज्जा सरांच्या कचेरीचं काम होतं. तो कागद तिथंच निघाला."

"यावर त्यांची सही नाही."

"काम अडलं की सही मागाहून होते."

"ते म्हणतात, विद्यार्थ्यांच्या प्रती त्यांच्याकडे नाहीत. तुमच्या शब्दाशिवाय काही आहे का तुमच्याकडे?"

"माझ्याकडे नाही साहेब. तुमच्याकडे आहे." तिनं त्या डाग पडलेल्या कागदाच्या कडेवर बोट ठेवलं. "कागद छापून निघाला की चारी कडांना विद्यार्थी प्रत असं येतंच. ते पुसता येत नाही. म्हणून सर आम्हाला कडा कापायला लावायचे, पट्टी लावून. तसे कापलेले नकाशे तुमच्या खात्यात मंजुरीला आलेत. हा एकच कापायचा राहिला. मामा दारात उभा होता, काम थांबलं होतं, म्हणून."

निकाळजे साहेबांनी शिपायाला फायली आणायला सांगितलं. बोराडे सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला. फायली आल्या. साहेबांनी एक नकाशा काढून कोऱ्या कागदावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. बोराडे सरांच्या कचेरीतला प्रत्येक नकाशा कोऱ्या कागदापेक्षा बोटभर आखूड होता, चारी बाजूंनी. इतर कचेऱ्यांचे पूर्ण होते.

"हे कसं काय बोराडे?"

"कडा खराब होतात साहेब... व्यवस्थित दिसावं म्हणून..."

"सगळ्यांच्या?"

ठेकेदारानं आपली खुर्ची सरांपासून थोडी बाजूला घेतली. बिगाऱ्याच्या म्हाताऱ्या बापानं मला विचारलं, "बाई, आपल्या बाजूनं झालं का?" मी हो म्हणाले. वहिनीनं माझा हात घट्ट दाबला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "माझ्या वैजीनं बोलून दावलं," ती कुजबुजली. "म्हनले न्हवते, शिकलेली हाय."

मला वाटलं, झालं, आता उठवतील. पण निकाळजे साहेब लिहिता लिहिता थांबले.

"एकच राहिलं. छज्ज्याच्या सळ्या खाली दाखवल्यात. हे कुणी काढलं?"

"दाखव असं सरांनी सांगितलं," वैजू म्हणाली. "मी विचारलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही."

"ते लिहिलं. मी विचारतोय, रेषा कुणाच्या?"

"माझ्या."

वहिनी माझ्याकडे वळली. "काय म्हनली ती, अक्का?"

"काय न्हाई."

"रेषा माझ्या म्हनली. कसल्या रेषा?"

वहिनी टेबलावरच्या त्या डाग पडलेल्या कागदाकडे बघत राहिली. मग वैजूकडे. वैजू आमच्याकडे पाठ करून उभी होती आणि तिच्या पाठीवर कालची घट्ट वेणी होती. वहिनी उठली, बाकाच्या पार टोकाला गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

येताना ती आमच्या एस.टी.त बसली नाही.

पुढचं सगळं कागदावर झालं. लिंबाजीची चूक नव्हती असं अहवालात आलं. वहिनीला आणि त्या बिगाऱ्याच्या बापाला भरपाई मंजूर झाली. बोराडे सरांची कचेरी बंद झाली, आणि पुढे त्याच गल्लीत त्यांच्या मेव्हण्याच्या नावानं उघडली. विद्यापीठानं वैजूचा निकाल लावलाच नाही, नाव कमी केलं. तिनं अर्ज केले, खेटे घातले. भांडाराचा तो माणूस एकदा तिला म्हणाला, "तू खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं गं, आम्हालाही." आता ती एका सिमेंटच्या दुकानात बसते. लग्न केलं नाही. त्या रिकाम्या वर्षात तिनं मला अक्षरं शिकवली, पाटीवर, सकाळच्या वेळी. तिला काहीतरी करायला हवं होतं म्हणून मी शिकले.

भरपाई हातात पडल्यावर चंदावहिनी माहेरी जायला निघाली. दारात टेम्पो उभा राहिला. त्या सगळ्या महिन्यांत पत्र्यापलीकडून तिनं मला हाका मारल्या, भाजी दिली, ताप आला तेव्हा माझ्या उशाशी बसली. पण वैजू घरात आली की तिकडे सगळं शांत व्हायचं.

तिनं खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "येते, अक्का."

"जेवून जा की."

"नगं."

वैजू बाहेर आली. "मामी," म्हणाली आणि पाया पडायला खाली वाकली. वहिनीनं पाय मागे घेतले. घाईनं नाही, सावकाश, एक, मग दुसरा.

"तू खरं बोललीस बाई," ती म्हणाली. "तुझ्यामुळं त्येंचं नाव धुवून निघालं, माझी भाकर झाली. त्ये मी कुटंबी नाकारनार न्हाई. पन आता मला मामी म्हनू नगंस."

ती टेम्पोत चढली. ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली, वळवली. वैजू तशीच वाकलेली होती, जमिनीला हात टेकून. वस्तीतल्या बायका आपापल्या दारांतून बघत होत्या. तिला उठवायला मी पुढे झाले नाही. तिला बापापाठी वाढवली, शिकवली, आणि तिनं माझं ऐकलं नव्हतं. मी किल्ली मुठीत धरून टेम्पो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिले, आणि मग आत जाऊन चूल पेटवली.